ऑक्सिजन चेंबरच्या आधीचे बारा आठवडे: मेंदूला मार लागल्यानंतरच्या विस्मृतीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्णाला इथं नाना म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तापीकाठचं, केळीच्या पट्ट्यातलं गाव एवढी माहिती पुरेशी आहे. वय ४३, शिक्षण बारावी, गळ्यात माळ, दारू-तंबाखू नाही. नाना एका केळी व्यापाऱ्याकडे तरुणपणापासून कामाला. बागेत जाऊन माल बघायचा, नवती (नव्या लागवडीचं पीक) आहे की पील (कापणीनंतर त्याच बुंध्यातून आलेलं पुढचं पीक), घड किती भरलाय ते पाहून भाव ठरवायचा, कापणीची टोळी लावायची, काट्यावर वजन घ्यायचं आणि शेतकऱ्याला त्याचे किती झाले ते उभ्या उभ्या तोंडी सांगायचं. पट्टी (मालाच्या पैशांची हिशोबचिठ्ठी) नंतर लिहिली जायची, पण आकडा नानांच्या तोंडून आला की शेतकरी निश्चिंत व्हायचा.

दिवाळीच्या आधी रात्री ते सुरत-नागपूर महामार्गावरून मोटारसायकलने परतत होते. पुढच्या ट्रॉलीला मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. जळगावच्या रुग्णालयात पोचले तेव्हा शुद्धीची पातळी मोजणारा ग्लासगो गुण १५ पैकी ११ होता, म्हणजे मध्यम स्वरूपाची दुखापत. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना मार, डावीकडे जास्त, आणि मेंदूच्या आवरणाखाली रक्ताचा पातळ थर. ऑपरेशन लागलं नाही. नऊ दिवसांत घरी आले. दोन महिन्यांत चालणं-बोलणं, जेवणखाण पूर्ववत झालं आणि घरच्यांनी देवाचे आभार मानले.

काहीतरी बिनसलंय हे घरातल्यांच्या आधी मित्रांच्या लक्षात आलं, आणि तेही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. खानदेशात आखाजीला पत्त्यांचा डाव बसतोच. नाना या डावातले मुरलेले, कोणाची कुठली पानं गेली हे त्यांना पाठ असायचं. यंदा आपली पाळी कधी आली हेच त्यांना कळेना. कोणीतरी हसलं, तर पानं फेकून उठून गेले. दोन-तीन दिवसांनी पत्नी (त्यांना पुढे वहिनी म्हणू) त्यांना घेऊन आमच्या दवाखान्यात आल्या. अपघाताला तेव्हा साडेसहा महिने झाले होते.

अडचण नेमकी काय होती

नानांनी स्वतः जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत देतो: "मन्हा डोकामा भुंगा फिरस. दोन जण बोलनात का हिशोब सुटी जास." (माझ्या डोक्यात भुंगा फिरतो. दोन जण बोलले की हिशोब सुटून जातो.)

हे वाक्य कुठल्याही तपासणीइतकं मोलाचं होतं. 'विसरतो' एवढ्यावर थांबलो असतो तर पुढची दिशाच चुकली असती. म्हणून एक साधी गोष्ट केली. दोन काटापावत्या लिहून दिल्या: २२ क्विंटल ४० किलो आणि १८ क्विंटल ६० किलो, भाव क्विंटलला १,३५० रुपये. शांत खोलीत, दार लावून, कागद-पेन हातात देऊन विचारलं. चार मिनिटं लागली, पण उत्तर बरोबर आलं, ५५,३५० रुपये. मग दार उघडलं, बाहेरची गर्दी ऐकू येऊ दिली, वहिनींना फोनवर बोलायला सांगितलं आणि तशाच दोन नव्या पावत्या दिल्या. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा कागद बाजूला सारला आणि कपाळ धरून बसले.

याचा अर्थ गणित शाबूत होतं. आजूबाजूला गलका असताना एका गोष्टीवर मन धरून ठेवणं जमत नव्हतं, आणि काट्यावर तर गलका असतोच. मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागला की लक्ष, आखणी, रागावरचा ताबा ही कामं आधी ढिली पडतात. नव्या गोष्टी विसरल्यासारख्या वाटतात, कारण मुळात त्या नीट आत जातच नाहीत.

स्मरण, लक्ष वगैरे तपासणाऱ्या मोका या छोट्या चाचणीत (मराठी आवृत्ती) ३० पैकी १९ गुण आले. २६ आणि त्यावरचे गुण सर्वसाधारण समजतात. ही चाचणी शाळेच्या पेपरसारखी पास-नापासाची नाही. पण पुढे तुलना करायला कुठेतरी खुंटी ठोकून ठेवावी लागते.

मग औषधांची पिशवी टेबलावर ओतली. फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन रात्री ३०० मिलिग्रॅम. झोपेसाठी क्लोनाझेपाम. चक्कर येऊ नये म्हणून सिनारिझिन, दिवसातून दोनदा. 'मेंदूच्या ताकदीची' म्हणून सिटिकोलिन. या सगळ्या गोळ्या घरी सोडतानाच्या कार्डावरच्या, आणि मेडिकलवाला तेच कार्ड पाहून दर महिन्याला देत आला होता. नानांना एकदाही फिट आलेली नव्हती. चक्कर तर पहिल्या महिन्यानंतर थांबलीच होती.

याच भेटीत वहिनींनी खरा प्रश्न काढला. सुरतेत कामाला असलेल्या धाकट्या दिराने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. काचेच्या नळकांड्यात, म्हणजे ऑक्सिजन चेंबरमध्ये, माणूस झोपतो, शुद्ध ऑक्सिजन घेतो आणि मेंदू पुन्हा जागा होतो, असा. सुरतेतल्या एका केंद्राने ४० सिटिंगचं पॅकेज सांगितलं होतं. राहण्या-जेवणासह खर्च दोन लाखांच्या वर जात होता आणि वहिनी पोत गहाण ठेवायला तयार होत्या. "पैसा जाई ते जाऊ द्या, पन मानूस पहिलेसारखा व्हवाले जोयजे," त्या म्हणाल्या.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय दिराचा: लगेच सुरतेला जायचं, वेळ दवडायची नाही. त्यामागची घाई समजण्यासारखी होती. पहिल्या सहा महिन्यांत जे सुधारतं तेवढंच, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. हे अर्धंच खरं आहे. मध्यम आणि गंभीर दुखापतीत सर्वांत वेगाने सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत होते, पण ती दोन वर्षांपर्यंत आणि काहींमध्ये त्याहीपुढे चालू राहते. दार बंद होत नव्हतं, त्यामुळे बारा आठवडे थांबल्याने काही हातचं जाणार नव्हतं. पुढचा सगळा निर्णय या एका मुद्द्यावर उभा राहिला.

दुसरा पर्याय शेजाऱ्यापाजाऱ्यांचा: वेळ जाऊ द्या, आपोआप होईल. यात धोका असा की सुस्ती आणणाऱ्या गोळ्या तशाच चालू राहिल्या असत्या आणि व्यापाऱ्याने तोवर दुसरा माणूस ठेवला असता.

तिसरा पर्याय ताकदीच्या गोळ्या वाढवण्याचा. सिटिकोलिन आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. पण डोक्याच्या दुखापतीच्या १,२१३ रुग्णांवर झालेल्या कोब्रिट या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१२ साली आले, ९० दिवस सिटिकोलिन घेणारे आणि नुसती साखरगोळी घेणारे यांच्यात फरक दिसला नाही. हा खर्च आम्ही त्याच दिवशी थांबवला.

चौथा पर्याय आम्ही मांडला: आज जे दुरुस्त करता येतं ते आधी करू, बारा आठवड्यांनी पुन्हा मोजू, आणि चेंबरचा निर्णय तेव्हा घेऊ. आज नकार नको आणि होकारही नको.

ऑक्सिजनबद्दल काय माहीत आहे

इथं थोडं थांबायला हवं, कारण दीर सुशिक्षित होता आणि त्याला नुसतं 'त्यात काही अर्थ नाही' म्हणून भागणार नव्हतं. तसं म्हणणं खरंही नव्हतं.

कल्पना बिनबुडाची नाही. एरवी आपल्या रक्तातला जवळजवळ सगळा ऑक्सिजन हिमोग्लोबिनला बांधलेला असतो. १०० मिलिलिटर रक्तात नुसता विरघळलेला असा ०.३ मिलिलिटर इतकाच. हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला तर हा आकडा ३ च्या आसपास जातो, तिप्पट दाबाखाली ६ च्या. मार लागलेल्या जागेभोवतीच्या, जिवंत पण मंदावलेल्या पेशींना हा जादा ऑक्सिजन जागं करेल, असा तर्क आहे. पाणबुड्यांचा दाबाचा आजार, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, मधुमेहातल्या काही न भरणाऱ्या जखमा, किरणोपचाराने झालेली इजा यांसाठी ही उपचारपद्धती मान्यताप्राप्त आहे. मेंदूच्या दुखापतीनंतरची विस्मृती त्या यादीत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ साली लोकांना सावध केलं होतं, त्यातही मेंदूच्या दुखापतीचा उल्लेख होता.

चाचण्या उलटसुलट आहेत. इस्रायलमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सौम्य दुखापतीच्या ५६ रुग्णांना दीडपट दाबाखाली ४० सिटिंग दिल्या आणि स्मरण, लक्ष यांत सुधारणा दिसली. दिराने पाहिलेल्या व्हिडिओत याच अभ्यासाचा आधार होता. पण त्यात तुलनेसाठी खोटं सिटिंग नव्हतं. रुग्णाला माहीत होतं की आपल्याला उपचार मिळतोय.

अमेरिकेच्या सैन्यदलात ही उणीव भरून काढली गेली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७२ सैनिकांचे तीन गट केले. एकाला चेंबरमध्ये दीडपट दाबाने ऑक्सिजन, दुसऱ्याला त्याच चेंबरमध्ये १.२ पट दाबाने साधी हवा, तिसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. चेंबरमध्ये गेलेले दोन्ही गट नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा सुधारले. पण ऑक्सिजनवाले आणि हवावाले यांच्यात फरक नव्हता. २०१८ साली आलेल्या दुसऱ्या चाचणीत ७१ जणांमध्ये तेरा आठवड्यांना ऑक्सिजन गट थोडा पुढे दिसला, पण सहा महिन्यांनी आणि वर्षाने तो फरक ओसरला होता.

या पद्धतीचे समर्थक म्हणतात की १.२ पट दाबाची हवा हाही एक लहान डोसच आहे. दिरानेही हाच मुद्दा काढला. त्याला हिशोब करून दाखवला: हवेत ऑक्सिजन २१ टक्के, १.२ पट दाबाखाली तो २५ टक्क्यांच्या हवेइतका होतो. वॉर्डातला साधा ऑक्सिजन मास्क याहून जास्त देतो. मेंदू जागा करणारी गोष्ट इतकीच असती तर एवढं महागडं यंत्र कशाला लागतं?

माझ्या मते त्या २०१५ च्या चाचणीतली लाखमोलाची गोष्ट वेगळीच आहे. हवा घेणारे का सुधारले? रोज ठरलेल्या वेळी उठून जायचं, कोणीतरी आपुलकीने विचारपूस करायची, तासभर शांत पडून राहायचं, आणि सुधारणार ही आशा, असं आठवड्यांमागून आठवडे. यातलं बहुतेक सगळं गावात उभं करता येतं. त्यासाठी पोत गहाण पडत नाही.

आणखी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक, या चाचण्यांतले बहुतेक सैनिक सौम्य दुखापतीचे होते, त्यातले कित्येक स्फोटात सापडलेले. नानांची दुखापत मध्यम आणि रस्त्यावरची. ते निष्कर्ष जसेच्या तसे त्यांना लागू करता येत नाहीत, बाजूनेही नाहीत आणि विरोधातही नाहीत. दोन, चेंबर निर्धोक नसतो. कानाच्या पडद्यावर दाब येणं ही नेहमीची तक्रार, आणि नानांच्या उजव्या कानाच्या पडद्यावर लहानपणीच्या वाहत्या कानाचा व्रण होता. जास्त ऑक्सिजनने क्वचित फिट येते. मेंदूला मार लागलेल्या माणसात ही शक्यता हलकी घेता येत नाही. आगीचा धोका तर आहेच. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात चेंबरला आग लागून पाच वर्षांचा मुलगा दगावला. सुरतेच्या केंद्राने फोनवर कानाबद्दल किंवा फिटबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. दिराचा उत्साह पहिल्यांदा थोडा निवला तो हे लक्षात आल्यावर.

काय केलं

सुरुवात गोळ्यांपासून. डोक्याला मार लागल्यावर पहिल्या सात दिवसांतल्या फिट टाळायला फेनिटॉइनचा उपयोग होतो, त्यानंतरच्या फिट मात्र त्याने टळत नाहीत. हे १९९० सालच्या चाचणीपासून माहीत आहे. शिवाय ती गोळी विचार मंदावते. जळगावच्या रुग्णालयातल्या मूळ न्यूरोसर्जनशी फोनवर बोलून, त्यांच्या सल्ल्याने ती काही आठवड्यांत पायरीपायरीने उतरवली. त्या काळात मोटारसायकल बंद, विहिरीकडे एकट्याने जाणं बंद. कोणी हे वाचून घरच्या घरी फिटची गोळी सोडू नये. अचानक सोडण्यानेच फिट येऊ शकते, आणि ज्याला एकदा फिट येऊन गेली त्याचा हिशोब वेगळा असतो. क्लोनाझेपामही हळूहळू कमी केली, सिनारिझिन थांबवली.

रक्ततपासणीत बी-१२ फक्त १४० निघालं. इंजेक्शनं सुरू केली. थायरॉइड, सोडियम आणि सकाळचं कॉर्टिसॉल ठीक होतं. डोक्याच्या मारानंतर पिट्यूटरी ग्रंथी मंदावून असाच थकवा येऊ शकतो, म्हणून ते पाहिलं.

मग रोजचा नेम. सकाळी सातला अकरावीतली मुलगी आणि नाना ओट्यावर बसायचे. मुलगी काटापावत्या लिहायची, नाना हिशोब करायचे. पहिले दोन आठवडे पूर्ण शांततेत. मग रेडिओ हळू आवाजात. मग आजी आणि मुलगी गप्पा मारत असताना. चुकलं की मुलीने हसायचं नाही, ओरडायचं नाही, उत्तर सांगून पुढची पावती द्यायची. संध्याकाळी पाटाच्या कडेने अर्धा तास भराभर चालणं. दुपारची झोप वीस मिनिटं, गजर लावून.

खिशात एकच वही. ठरलेला प्रत्येक सौदा त्याच क्षणी तिच्यात, आणि शेतकऱ्याच्या समोर मोबाइलवर बोलून रेकॉर्डही. नानांना याची फार लाज वाटली. "लोक म्हणतील नानाला लिहून ठेवावं लागतं." इथं व्यापाऱ्याने मोठं मन दाखवलं. त्याने टोळीतल्या सगळ्यांना वह्या दिल्या, आणि मग नानांची वही वेगळी राहिली नाही. कामावरही त्याने त्यांना टप्प्याने घेतलं: आधी सकाळचे दोन तास फक्त काट्यावर, एका वेळी एकच शेतकरी जवळ येईल असा नियम करून.

वहिनींकडे मोजणीचं काम दिलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नाना चिडले की एक फुली. पहिल्या आठवड्यात अकरा फुल्या पडल्या.

सहाव्या आठवड्यातला तिढा

तिसऱ्या आठवड्यात फरक डोळ्यांत भरला. मोकामध्ये २२ गुण आले. नाना म्हणाले, सकाळी उठल्यावर डोकं रिकामं वाटतं. सगळे हुरळले, आणि सहाव्या आठवड्यात व्यापाऱ्याने त्यांना ठरल्यापेक्षा लवकर एका बागेच्या सौद्याला एकटं पाठवलं. तिथं दोन भाऊ आणि त्यांचा जावई एकदम बोलायला लागले. नानांनी पिलाला नवतीचा भाव कबूल केला, नंतर ते ध्यानात आल्यावर शेतकऱ्यावरच धावून गेले. गावभर झालं. नाना दोन दिवस जेवले नाहीत.

रात्री दिराचा सुरतेहून फोन: आता तरी नेऊ द्या. वहिनीही डळमळल्या.

निर्णयाची खरी कसोटी या रात्रीची होती. आम्ही दोन गोष्टी पुढे ठेवल्या. एक, बारा आठवडे हे आधी ठरलेलं आहे, एका वाईट दिवसावरून ते मोडायचं नाही, जसं एका चांगल्या दिवसावरून मोडायला नको होतं. दोन, बागेत जे घडलं त्याचं कारण उघड आहे, तिघं एकदम बोलले. म्हणजे नेमाची पुढची पायरीही तीच. त्या आठवड्यापासून ओट्यावर मुलीसोबत पुतण्या आणि शेजारची दोन माणसं बसू लागली. बागेत जाताना पुतण्या बरोबर, बोलणी नानांची, आकडे पुतण्याचे. दीर नाराज होऊन थांबला, पण थांबला.

निष्पत्ती

बाराव्या आठवड्यात मोका २५. सरावाने एखाद-दुसरा गुण वाढतो म्हणून दर वेळी चाचणीची वेगळी आवृत्ती वापरली होती. उघड्या दारात, गलक्यात, दोन पावत्यांचा हिशोब तीन मिनिटांत आणि बरोबर. त्या आठवड्यात कॅलेंडरवर तीन फुल्या.

यातलं किती गोळ्या थांबल्याने, किती बी-१२ ने, किती नेमाने आणि किती नुसत्या काळाने झालं, हे वेगळं काढता येत नाही. एका माणसाच्या प्रकरणातून ते कधीच निघत नाही. हेच बारा आठवडे चेंबरमध्ये गेले असते आणि गोळ्याही तेव्हाच थांबल्या असत्या, तर सगळं श्रेय ऑक्सिजनला मिळालं असतं.

सगळं सुधारलं असंही नाही. दिवस उतरला की नाना थकतात, लग्नाच्या मांडवात अर्ध्या तासावर बसवत नाही. तोंडी आकडा सांगणारे नाना परत आले नाहीत. आता ते लिहून, दोनदा पाहून सांगतात. व्यापाऱ्याने त्यांचा पगार कायम ठेवला, पण मोठे सौदे पुतण्या आणि नाना मिळूनच करतात.

ठरल्याप्रमाणे सगळे पुन्हा बसलो. दीर रजा काढून आला होता. आकडे समोर ठेवले, उणिवाही ठेवल्या. नाना स्वतः म्हणाले, तिकडं जायचं नाही, मुलीची फी भरायची आहे. दिराला अजूनही वाटतं की एकदा करून पाहायला हवं होतं, आणि त्याचं वाटणं मी चूक ठरवत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

रुग्णालयातून घरी सोडतानाच्या कार्डावर फिटच्या गोळीपुढे 'या तारखेला पुन्हा विचारा' एवढी ओळ असती तर कित्येक महिन्यांची सुस्ती वाचली असती. डोक्याला मार लागलेल्या प्रत्येक माणसाला महिन्याने बोलावून, त्याच्या रोजच्या कामातला एखादा हिशोब गलक्यात करून घेणं, याला ना यंत्र लागतं ना पैसा. आपल्याकडे चालता-बोलता झाला की माणूस बरा झाला असं धरतात.

व्यापाऱ्याला पहिल्याच आठवड्यात दवाखान्यात बोलावून टप्पे लिहून दिले असते, तर तो बागेतला प्रसंग बहुधा टळला असता. वहिनींच्या झोपेची, त्यांच्या मनाची चौकशी पहिल्या भेटीपासून व्हायला हवी. फुल्या मोजणारी बाई स्वतः किती खचली आहे, हे नवव्या आठवड्यात त्या रडल्या तेव्हा बोललं गेलं.

आणि घरच्यांनी चेंबरचाच निर्णय घेतला असता, तर? मी आडवा आलो नसतो. चार अटी घातल्या असत्या. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पडदा पाहिल्याशिवाय आणि छातीचा एक्स-रे काढल्याशिवाय सुरुवात नाही. केंद्रात दाबाच्या उपचारांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर प्रत्येक सिटिंगला हजर हवेत. आत जाताना मोबाइल, तेल लावलेले केस, सिंथेटिक कपडे चालत नाहीत, याची तपासणी ते दर वेळी करतात का, हे स्वतः उभं राहून पाहायचं. पैसे एकदम ४० सिटिंगचे भरायचे नाहीत. वीस झाल्यावर इथंच येऊन, याच दारात, पावत्यांचा हिशोब पुन्हा करून पाहायचा.

मोटारसायकलचा प्रश्न तूर्त बाकी आहे. नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टीचा पट्टा (समोर पाहताना बाजूचं किती दिसतं ते) तपासून घ्यायचा आहे, आणि गोळी पूर्ण थांबल्यानंतर फिटविना पुरेसा काळ गेल्यावर न्यूरोसर्जनचं मत घेऊन ठरेल. तोवर पुतण्याच चालवतो.